झळ कुणाला लागते? : वाचकांचे प्रश्न, उन्हाळ्यातली उत्तरं

मी मानवतावादी, म्हणजे देवाऐवजी माणसाला केंद्रस्थानी ठेवणारा, त्यामुळे एरवी मला पत्रं येतात ती देव आहे का नाही, धर्माशिवाय नीती टिकते का, असली. ह्या महिन्यात निम्म्याहून जास्त पत्रं एसी, पंखा, पाणी आणि दुपारची झोप ह्यावर आलीत. उकाडा माणसाला तत्त्वज्ञानाच्या माडीवरून खाली उतरवतो म्हणायचं. बरंच झालं. देव असण्या-नसण्यावर माझं मत उद्या बदललं तरी शेजाऱ्याला काही फरक पडत नाही, एसीचं तोंड कुठे वळवलं ह्याने मात्र पडतो. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, लांबलचक पत्रं थोडी कापलीत, राग नसावा.

प्रश्न : आम्ही ह्या वर्षी पहिल्यांदाच एसी घेतला, घरात बाळ आहे. आउटडोअर युनिट बसवायला जागा एकच होती, ती नेमकी शेजारच्या काकूंच्या खिडकीसमोर, चारेक फुटांवर. काकू काही बोलल्या नाहीत पण आता त्यांची खिडकी दिवसभर बंद असते. नवरा म्हणतो सगळेच लावतात, आपणच का विचार करायचा. मला झोप लागते पण काहीतरी टोचतं. ह्यात नैतिक वगैरे काही आहे का मीच जास्त विचार करतेय?

उत्तर : टोचतंय ते बरोबर जागी टोचतंय. आधी एक गोष्ट क्लिअर करू, एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, घरातला कचरा काढून जिन्यात ठेवावा तसं. वर कॉम्प्रेसर जी वीज खातो तिचीही शेवटी उष्णताच होते, म्हणजे एखादा बरा एसी एक युनिट वीज घेऊन आतली तीन युनिट उष्णता काढत असेल तर बाहेर पडतात चार. गंमत म्हणजे हे मशीन माणसासाठी बनलंच नव्हतं. १९०२ साली विलिस कॅरियर नावाच्या इंजिनिअरने ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखलं, दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत म्हणून. आधी गारवा कागदाला मिळाला, माणसाचा नंबर नंतर लागला.

हे शहाणपण मी पुस्तकातून शिकलो असं सांगायला आवडलं असतं. काही वर्षांपूर्वी आम्हीही असाच एसी बसवला होता. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा मला दुसऱ्याच कसल्यातरी कामासाठी घरी बोलावलं, बोलता बोलता मी खिडकीच्या गजावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. खाली बघतो तर माझंच युनिट, माझाच पंखा गरगरतोय. कठड्यावर एक कुंडी होती, तिच्यातल्या रोपाची खिडकीकडची पानं हिरवीगार आणि बाहेरच्या बाजूची तपकिरी, कुरकुरीत, हात लावला तर चुरा व्हावा अशी. अर्धं रोप जिवंत. बाई काही बोलल्या नाहीत, मीही नाही बोललो, उलट आठवडाभर स्वतःला समजावत होतो की ह्या वर्षी ऊनच फार आहे. मग एकदाचा मेकॅनिक बोलावला, युनिट कोपऱ्यापलीकडे सरकवलं, पाइप वाढला, गॅस परत भरावा लागला, खर्च चांगलाच झाला. तो खर्च आधीपासूनच होत होता, फक्त बाई भरत होत्या.

तुमच्या मिस्टरांना सांगा, 'सगळेच लावतात' हा बचाव होत नाही. कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाची तर कसोटीच ही होती की तू जे करतोयस ते सगळ्यांनी करायचं ठरवलं तर चालेल का. आता सगळ्यांनीच एकमेकांच्या खिडकीत गरम हवा सोडली तर काय होईल? ज्याच्याकडे एसी आहे तो अजून दोन डिग्री खाली नेईल आणि ज्याच्याकडे नाही तो खिडकी बंद करून बसेल. तेच तर झालंय.

आता करायचं काय. बाळासाठी एसी लावणं अजिबात चुकीचं नाही, ते काढून टाका वगैरे मी म्हणणार नाही. काकूंना 'त्रास होतो का हो' असं मात्र विचारू नका, त्याला कोणीही 'नाही नाही' म्हणतं. दुपारी तीन वाजता काहीतरी निमित्त काढून त्यांच्या खिडकीत पाच मिनिटं उभ्या राहा. मग गरम हवा वर किंवा बाजूला वळवणारा पत्रा लावता येतो, २२ च्या ऐवजी २६ वर ठेवून सोबत पंखा लावता येतो, युनिट सरकवता येतं. आणि जे काही कराल ते काकूंना सांगून करा, म्हणजे त्यांना खिडकी कधी उघडायची ते कळेल.

प्रश्न : तुम्ही देव मानत नाही, पाप-पुण्य मानत नाही. मग कोणी बघत नसताना चांगलं का वागायचं? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : सर, हा प्रश्न तुम्ही वर्गात विचारला असता तर मी आधी बाकाखाली लपलो असतो. साधारण २४०० वर्षांपूर्वीच्या प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो, की देवांना आवडतं म्हणून एखादी गोष्ट चांगली असते, का ती चांगली आहे म्हणून देवांना आवडते? पहिलं म्हणाल तर उद्या देवाला क्रूरपणा आवडला की तो चांगला ठरणार, हे तुम्हालाही चालणार नाही. दुसरं म्हणाल तर चांगुलपणा देवाच्या आधीचा झाला, म्हणजे तुम्ही आणि मी एकाच विहिरीचं पाणी पितोय, फक्त तुमच्या पोहऱ्याला नाव आहे. राहिला प्रश्न कोणी बघत नसण्याचा. वरचं पत्र परत वाचा. काकू बोलल्या नाहीत, कायदा आड आला नाही, नवरा तर बाजूने होता, तरी त्या बाईला टोचलं. कारण बंद खिडकीमागे कोणीतरी बसलंय हे तिला दिसत होतं.

प्रश्न : बाहेर ४२ डिग्री असताना मी दुपारी ऑनलाइन ऑर्डर करतो. डिलिव्हरीवाला मुलगा घामाने निथळत दारात येतो, मी पाणी देतो, तरी गिल्टी वाटतं. ऑर्डर करणं बंद करू का?

उत्तर : बंद केलंत तर तुमचं मन हलकं होईल आणि त्याचा खिसाही. बहुतेक ठिकाणी पैसे ऑर्डरमागे मिळतात, दुपारी घरी बसायचे मिळत नाहीत. त्यामुळे आधी सोप्या गोष्टी. जे संध्याकाळी आलं तरी चालतं ते संध्याकाळी मागवा, शक्य असेल तर खाली उतरून घ्या, उशीर झाला म्हणून एक स्टार ठोकू नका, आणि पाणी देताना 'काय ऊन आहे ना' असं त्यालाच सांगू नका, त्याला माहितीये.

पण तुमचा ग्लास तुमच्या दारापुरता. त्याची बाकीची वीस-पंचवीस दारं आहेत त्यांचं काय, तिथे चांगला माणूस निघेल ह्या भरवशावर त्याने दुपार काढायची का? इथे नीतीचा विषय संपून राजकारणाचा सुरू होतो असं लोक म्हणतात, मला ती रेघ कुठे आहे ते आजवर सापडलेलं नाही. कतारमध्ये दुपारच्या कामावर आधी थोडी बंदी होती, ती २०२१ मध्ये वाढवली, १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम नाही. शिवाय वेट बल्ब ग्लोब तापमान ३२.१ च्या वर गेलं तर घड्याळात काहीही वाजलेलं असो, काम थांबवायचं. हे तापमान नेहमीच्या थर्मामीटरचं नाही हं, त्यात दमटपणा, ऊन, वारा सगळं धरतात, कारण घाम वाळला तरच शरीर गार होतं, दमट हवेत तो नुसता ओघळत राहतो आणि माणूस आतून शिजतो. आणि हा नियम कोणाला पाझर फुटला म्हणून आला नाही. २०२२ चा फुटबॉल वर्ल्ड कप तोंडावर आलेला, कामगारांच्या हालांवरून जगभर बोंब झाली, तेव्हा आला. म्हणून ग्लास द्याच, पण दुपारी सावलीत बसायचे पैसे कापू नका असं जो कोणी मागत असेल त्याच्या कागदावर सहीही करा.

प्रश्न : मानवतावादी माणसाचा पक्ष कोणता? सरळ सांगा.

उत्तर : सरळ सांगायचं तर मत देतो, कुणाला ते सांगत नाही. नवमानवतावाद मांडणारे मानवेंद्रनाथ रॉय यांनी स्वतःच काढलेला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष १९४८ च्या डिसेंबरमध्ये विसर्जित केला, कारण पक्ष म्हटला की सत्ता आली आणि सत्तेमागे धावताना माणूस मागे राहतो असं त्यांचं मत झालं होतं. मी तितका पुढे गेलेलो नाही, मला पक्ष लागतात असंच वाटतं, नाहीतर उद्या पाण्याच्या पाइपलाइनचा निर्णय कोण घेणार, मी आणि तुम्ही पत्र लिहून? पण जाहीरनामा हातात आला की मी एकच बघतो, ह्याची झळ कुणाला लागणार, आणि ज्याला लागणार त्याला कोणी विचारलंय का. असं बघायला लागलं की आपला आवडता पक्षही दर पाच पानांनी घाम फोडतो.

प्रश्न : बाबा रिटायर झाल्यापासून फॅमिली ग्रुपवर दिवसभर राजकीय फॉरवर्ड टाकतात. काही नुसतेच पक्षाचे, ते मी सोडून देते, पण काही एका समाजाबद्दल अगदी घाणेरडे असतात. मी एकदा फॅक्टचेकची लिंक टाकली तर काका, आत्या सगळे माझ्यावर तुटून पडले आणि बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता गप्प बसू का?

उत्तर : तुमची लिंक बरोबर होती, जागा चुकली. भरल्या घरात बापाला 'तुम्ही खोटं बोलताय' म्हटल्यासारखं झालं ते, मग आत्या भावाच्या बाजूने उभी राहणारच, तिने लिंक उघडलीसुद्धा नसेल.

मी एका उन्हाळ्यात माझ्या मामाशी असाच वाद जिंकलो होतो. सगळे बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसलेले, माझे आकडे पाठ, मामाकडे उत्तर नव्हतं. तो उठला, चपला घातल्या, एक पट्टा नीट बसेना म्हणून वाकून दोनदा ओढला, आणि भर दुपारी निघून गेला. मामी मागून टोपी घेऊन धावली. पुढे दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. आणि मत बदललं का? अजिबात नाही, अजून घट्ट झालं, कारण आता त्या मताला अपमानाचं सिमेंट लागलं होतं. मी काय जिंकलो ते मला अजून कळलेलं नाही.

तर दोन ढीग करा. पक्षाचे फॉरवर्ड एका ढिगात, ते खरंच सोडून द्या, रिटायर माणसाला काहीतरी लागतं. दुसऱ्या ढिगात ते घाणेरडे, ते सोडायचे नाहीत, कारण त्यांची झळ ज्यांना लागते ते तुमच्या ग्रुपवर नाहीयेत, त्यांच्या वतीने तिथे बोलणारं कोणीच नाही. पण हे बोलणं एकट्यात, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, शक्यतो चालता चालता, म्हणजे एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आकडे काढू नका. बाबांनी इतकी वर्षं नोकरी केली, त्या समाजातला कोणीतरी ऑफिसात असेलच ज्याच्याशी त्यांचं जमायचं. त्यांचं नाव घेऊन विचारा, 'ते कसे आहेत हो आता, काही कॉन्टॅक्ट आहे का?' पहिल्या दिवशी एवढंच, पुढचं काही बोलायचं नाही, अगदी जिभेवर आलं तरी.

जमेलच असं नाही, माझं सगळीकडे जमलेलं नाही. नाही जमलं तर ग्रुपवर एकच ओळ टाका, 'बाबा, हे मला पटत नाही.' लिंक नको, स्मायली तर नकोच. त्या ग्रुपवर तुमची भाचरं-पुतणी असतील, काही न बोलता सगळं वाचणारी. घरात दुसरंही मत आहे हे त्यांना दिसू दे.

प्रश्न : डास मारणं पाप आहे का? आजी म्हणते हो. (इयत्ता पाचवी)

उत्तर : प्रश्न एकदम भारी. जेरेमी बेंथम नावाच्या माणसाने १७८९ मध्ये म्हटलंय की प्राण्यांना अक्कल आहे का, बोलता येतं का हे विचारू नका, त्यांना त्रास होतो का ते विचारा. डासाला नक्की किती त्रास होतो ते शास्त्रज्ञांनाही अजून नीट सांगता येत नाही. पण डासांमुळे होणाऱ्या मलेरियाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख माणसं जातात आणि त्यातली बरीचशी तुझ्याहून लहान मुलं असतात, त्यामुळे चावणाऱ्या डासाला चापट मारली तर मी तुला रागावणार नाही. चावते ती फक्त मादी बरं का, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. आजीलाही खूश ठेवायचं असेल तर एक कर, आठवड्यातून एकदा घरातलं साचलेलं पाणी ओतून टाक, कूलरचं, कुंडीखालच्या ताटलीचं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. डास झालेच नाहीत तर मारायचे कोणाला?

प्रश्न : रोज दुपारी पडदे ओढून गार फरशीवर दोन तास लोळतो. काही करत नाही, मोबाइलही नाही. जग जळतंय आणि मी लोळतोय, हे अनैतिक आहे का?

उत्तर : मोबाइलही नाही? मग तुम्ही माझ्याहून वरच्या पायरीवर आहात. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं की दिवसाला चार तास काम माणसाला पुरे व्हायला हवं, कामाला पुण्य समजणं ही मालक लोकांनी शिकवलेली गोष्ट आहे. आणि हाच माणूस अण्वस्त्रांविरुद्धच्या आंदोलनापायी १९६१ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, आठवडाभर जेलमध्ये जाऊन आला. म्हणजे लोळण्याचं आणि लढण्याचं काही वाकडं नाही. फक्त एकदा बघून घ्या, तुम्ही लोळत असता तेव्हा घरात अजून कोणी उभं आहे का. ओट्यापाशी वगैरे. असेल तर उठा आणि त्या माणसाला फरशी द्या, निदान एक तास. कोणीच नसेल तर खुशाल लोळा.

प्रश्न : तुम्ही माणसाला केंद्रस्थानी ठेवता. पण पृथ्वी तापवली ती माणसानेच. मग मानवतावाद हाच मूळ रोग नाही का?

उत्तर : हे पत्र चार पानांचं होतं आणि चारही पानं रागात लिहिलेली, पण मुद्दा खरा आहे. माणूस केंद्रस्थानी म्हणजे गादीवर बसलाय असा अर्थ मीही तरुणपणी घ्यायचो. आता मला तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा दिसतो, कारण ज्याला जाब विचारता येईल असा दुसरा प्राणीच नाही.

फ्रिज आणि स्प्रेच्या डब्यातले सीएफसी वायू ओझोनचा थर खातात हे मोलिना आणि रोलंड ह्या दोघांनी १९७४ मध्ये दाखवलं. कंपन्यांनी आधी हसण्यावारी नेलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं भगदाड जाहीर झालं, १९८७ मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला आणि पुढे जगातल्या यच्चयावत देशांनी तो मान्य केला, जे एरवी एका टेबलावर बसत नाहीत त्यांनीसुद्धा. तो थर आता भरून येतोय, अंटार्क्टिकावर पूर्ववत व्हायला २०६६ च्या आसपासचं वर्ष सांगतात. म्हणजे ज्यांनी सह्या केल्या त्यातल्या बहुतेकांना ते बघायला मिळणार नाही, तरी केल्या.

पुढची गंमत ऐका. सीएफसी घालवून पुढे जे वायू एसीत आले त्यातला आर-४१०ए नावाचा प्रकार ओझोनला काही करत नाही, पण वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ दोन हजारपट पृथ्वी तापवतो. म्हणून परत २०१६ मध्ये सगळे देश रवांडातल्या किगालीला बसले आणि हे असले वायूही कमी करायचं ठरवलं. एक घोळ निस्तरताना दुसरा घातला, आता तो निस्तरतायत. कासवाच्या गतीने चाललंय, मान्य, आणि मलाही संताप येतो. पण तुमची चार पानंसुद्धा तुम्ही माणसालाच लिहिलीत ना.

प्रश्न : वय ७८, एकटी राहते. मुलगा परदेशी. उन्हाळा लागला की दिवसातून पाच वेळा फोन, आई पाणी प्यालीस का, पंखा लावलास का. मी वैतागलेय. व्यक्तिस्वातंत्र्यावर तुम्ही एवढं लिहिता, तर त्याला जरा समजवा.

उत्तर : आजी, मुलगा अर्धा बरोबर आहे. ह्या वयात तहान लागल्याचं शरीर नीट सांगतच नाही, घामही कमी येतो, त्यामुळे तहान नसताना पाणी प्यायचं हे त्याचं ऐका. अंग तापलंय आणि काय बोलतोय ते सुचत नाहीये असं झालं तर तो साधा उकाडा नसतो, लगेच हॉस्पिटल, जरा पडून बघते वगैरे नाही.

पण अर्धा चुकतोय तो असा. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि आठवडाभरात एरवीपेक्षा ७३९ माणसं जास्त गेली, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं खूप. नंतर एका समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या, गरीब आणि एकटे राहणारे म्हातारे दोन्हीकडे साधारण सारखेच, पण एकीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या जवळपास दहापट. फरक होता रस्त्याचा. जिथे कमी माणसं गेली तिथे दुकानं चालू, फुटपाथवर गर्दी, म्हातारी माणसं पाय मोकळे करायला बाहेर पडायची आणि एखादी दोन दिवस दिसली नाही तर कोणीतरी विचारायचं. दुसरीकडे रस्ते ओस, दारं-खिडक्या आतून बंद. परदेशातून पाच वेळा फोन आला तरी दार काही उघडता येत नाही.

तेव्हा मुलाशी करार करा, फोन दोनच, सकाळी आणि रात्री, आणि घराची एक किल्ली समोरच्या दारात. किल्ली द्यायला लाज वाटते हे मला माहितीये, माझी आई दोन उन्हाळे टाळत होती. आणि बदल्यात तुम्हीही काहीतरी करा. पहिल्या पत्रातल्या काकूंसारखी खिडकी बंद करून बसलेली कोणीतरी तुमच्या मजल्यावरही असणार. ऊन उतरलं की तिची बेल दाबायची. तेवढ्यात मुलाचा फोन आलाच तर सांगा, थांब रे, मी जरा बाहेर चाललेय.